पंधरा किलो जिवाणू : सांडपाणी प्रकल्पासाठी घेतलेल्या बायोकल्चर पावडरीचे परीक्षण

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याचा सांडपाणी प्रकल्प मी सांभाळतो. ‘बायोकल्चर’ या नावाने विकली जाणारी जिवाणूंची पावडर आम्ही गेल्या उन्हाळ्यात पंधरा किलो विकत घेतली. त्यातली बारा किलो वापरून झाल्यावर जे दिसले, जे मोजले आणि जो खर्च झाला, त्याचा हा हिशेब आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण या जातीच्या पावडरींच्या पिशव्यांवरचा मजकूर इतका सारखा असतो, की माझे म्हणणे त्यांतल्या बहुतेकींना लागू पडावे. निकाल आधीच सांगतो. विषबाधा झालेली टाकी पुन्हा उभी करण्यासाठी मी ही पावडर परत घेणार नाही. कँटीनच्या ग्रीस ट्रॅपसाठी, म्हणजे खरकट्या पाण्यातले तेल अडवणाऱ्या टाकीसाठी, मात्र कदाचित घेईन.

आमच्याकडे कँटीन आणि तीन पाळ्यांची स्वच्छतागृहे मिळून रोज साधारण पंचवीस हजार लिटर पाणी येते. ते पंधरा-पंधरा हजार लिटरच्या दोन एरेशन टाक्यांत, म्हणजे हवा सोडून पाणी ढवळणाऱ्या टाक्यांत, विभागून जाते आणि प्रत्येक टाकीला स्वतंत्र क्लॅरिफायर, म्हणजे गाळ खाली बसवणारी टाकी, आहे. टाकीत जो चॉकलेटी गाळ सतत ढवळत असतो, तोच या प्रकल्पाचा खरा कामगार. त्यात असंख्य जिवाणू असतात, त्या जिवाणूंना खाऊन पाणी निवळ ठेवणारे व्हॉर्टिसेलासारखे देठाचे एकपेशीय जीव असतात, आणि गाळ जुना व स्थिर असेल तर रोटिफर हे बहुपेशीय सूक्ष्म जीवही दिसतात. लिटरमागे तीन ग्रॅम कोरडा गाळ धरला, तर एका टाकीत पंचेचाळीस किलो गाळ होतो. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

घटना आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्रीची आहे. सणाला दोन दिवस कारखाना बंद राहणार म्हणून यंत्रांचे कूलंटचे सम्प, म्हणजे धातू कापताना थंडाव्यासाठी सोडायच्या द्रवाच्या टाक्या, साफ करायला काढल्या होत्या. वापरलेले कूलंट ड्रममध्ये भरून ठेवायचे आणि ड्रम धोकादायक कचऱ्याच्या शेडमध्ये न्यायचा, असा नियम आमच्याकडे लिहून लावलेला आहे. पण घरी जायच्या घाईत तिसऱ्या पाळीतल्या एका पोराने दोनशे लिटरचा ड्रम थेट हात धुण्याच्या जागेजवळच्या जाळीत ओतला, आणि ती जाळी आमच्याच प्रकल्पाला जोडलेली होती. दोन दिवसांनी विचारल्यावर तो निरागसपणे म्हणाला, ‘‘आप्पा, ते ते दूधना मायेक धव्वं पानी व्हतं, तेल कोठे व्हतं?’’ त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पाण्यात मिसळणारे कूलंट दिसते तसेच, दुधासारखे. त्यातले तेल इतक्या बारीक थेंबांत फुटलेले असते, की ते वर तरंगत नाही आणि साध्या ऑइल ट्रॅपमध्ये अडकतही नाही.

या दुधात काय असते ते थोडक्यात सांगायला हवे. खनिज तेल, ते पाण्यात धरून ठेवणारी साबणासारखी द्रव्ये, गंज रोखणारी अमाइने, बऱ्याचदा बोरॉनची संयुगे, आणि जंतुनाशक. यंत्राच्या सम्पमध्ये कूलंट पडून राहिले, की त्यात जिवाणू वाढतात आणि सुट्टीनंतर कारखाना उघडताच सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास मारण्यासाठी फॉर्माल्डिहाइड सोडणारी किंवा आयसोथायझोलिनोन गटातली रसायने घालतात. थोडक्यात, जिवाणू मारण्यासाठीच तयार केलेला पदार्थ आम्ही जिवाणू पाळण्याच्या टाकीत ओतला होता. यंत्रशाळेच्या नोंदवहीत शोधले तेव्हा कळले, की वास येतो म्हणून त्याच सम्पमध्ये दोनच दिवस आधी सुमारे तीनशे ग्रॅम जंतुनाशक घातले गेले होते. ते सगळे तसेच शिल्लक होते असे धरले, तर दोन्ही टाक्या मिळून तीस हजार लिटरमध्ये लिटरमागे दहा मिलिग्रॅम होते. महिनाभर यंत्रात फिरून जंतुनाशक संपत आलेले कूलंट आणि दोन दिवसांपूर्वी जंतुनाशक घातलेले कूलंट डोळ्यांना सारखेच दिसते, पण टाकीतल्या जीवांच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्याच सम्पच्या तळाशी उरलेल्या कूलंटचा सीओडी, म्हणजे त्यातला मळ रासायनिक रीतीने जाळायला लागणारा प्राणवायू, नंतर तपासून घेतला तो लिटरमागे साठ हजार मिलिग्रॅम आला. म्हणजे एका ड्रममध्ये बारा किलो भार होता, आणि आमच्या पूर्ण प्रकल्पावर रोज येणारा भारही जवळजवळ तेवढाच असतो.

सणानंतर कामावर आलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती फेसाची. पांढरा, ताठ, वाऱ्याने उडून बाजूच्या कडुनिंबाखाली जाऊन पडणारा फेस. दुसरी गोष्ट डीओ मीटरवर दिसली आणि तिने आमच्या नव्या ऑपरेटरला चक्क आनंद झाला. एरवी १.८ ते २ च्या आसपास असणारा डीओ, म्हणजे पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, ५ वर गेला होता, आणि हवा फुंकणारा ब्लोअर तर तोच होता. मे महिन्याच्या तोंडावर असे होत नसते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना तोच ७.५ वर येतो, त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात डीओ टिकवण्यासाठीच मारामार असते. तो वाढला याचा अर्थ ब्लोअर सुधारला असा नसून खाणारी तोंडे बंद झाली असा होता. टाकीतले पाणी बाटलीत बंद करून प्राणवायू किती वेगाने उतरतो हे पाहिले, तर नेहमीचा वेग तासाला लिटरमागे २२ मिलिग्रॅम, तो ४ वर आला होता.

सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र याहून बोलके होते. शंभरपट मोठे करून पाहिले, तर गाळाच्या पुंजक्यांवर व्हॉर्टिसेलाचे नुसते देठ उभे होते आणि वरच्या घंटा, म्हणजे त्यांची घंटेच्या आकाराची शरीरे, गळून गेल्या होत्या, एखाद्या शेतातली कणसे कोणी रात्रीतून खुडून न्यावीत तसे. पुंजके विस्कटलेले, कडेने तेलाचे बारीक गोल थेंब चिकटलेले, आणि पोहणारे, सरपटणारे काहीही नाही. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये गाळ अर्धा तास ठेवला, तर एरवी ३५० मिलिलिटरवर बसणारा गाळ १८० वर बसला, आणि वरचे पाणी ताकासारखे गढूळ राहिले. गाळ कमी जागेत बसला म्हणून तो चांगला, असे समजणाऱ्यांसाठी ही सूचना आहे. अमोनियाही बाहेर तसाच जाऊ लागला, कारण अमोनियाचे नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनास आणि त्यांचे सोबती हे या वस्तीतले सर्वांत नाजूक रहिवासी. ते मंद वाढतात, आणि विषाचा फटका सहसा आधी त्यांनाच बसतो.

या अवस्थेत आम्हाला पावडर सुचवली गेली. पुरवठादाराचा प्रतिनिधी फोन केल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. दर किलोला नऊशे रुपये. पिशवीवर ‘प्रति ग्रॅम १०० कोटी जिवाणू’ असे छापलेले होते, पण कोणते जिवाणू याचा उल्लेख नव्हता. विचारल्यावर ते कंपनीचे गुपित असल्याचे सांगण्यात आले. माहितीपत्रक इंग्रजीत आणि हिंदीत होते, मराठीत नव्हते, आणि ते वाचून पावडर घोळवणारा आमचा माणूस मराठी शाळेत शिकलेला आहे. पावडर दिसायला गव्हाच्या कोंड्यासारखी, वासाला किंचित आंबूस. वापरायची रीत अशी, की ती कोमट पाण्यात गुळासह सहा तास भिजवायची आणि मग टाकीत सोडायची. पहिल्या दिवशी तीन किलो, पुढचे नऊ दिवस रोज एक किलो.

सुदैवाने आमच्या टाक्या दोन आहेत, म्हणून मी तुलना करायचे ठरवले. आधी दोन्ही टाक्यांतल्या गढूळ पाण्याचा बराचसा भाग टँकरने उपसून बाहेर पाठवला आणि ताजे सांडपाणी हळूहळू चढवत नेले. मग पहिल्या टाकीत पावडर आणि गूळ घातला. दुसऱ्या टाकीत जवळच्या एका वसतिगृहाच्या सांडपाणी प्रकल्पातून आणलेला तीन हजार लिटर जिवंत गाळ सोडला. त्या प्रकल्पाच्या व्यवस्थापकांना नाहीतरी तो जादा गाळ काढायचाच होता. आम्हाला फक्त टँकरचे अडीच हजार रुपये द्यावे लागले.

पहिल्या तीन दिवसांत पावडरीने बाजी मारली असे वाटले. पहिल्या टाकीचा डीओ ५ वरून २.५ वर उतरला आणि प्रतिनिधीने मोबाइलवर त्याचा फोटो काढून ‘जिवाणू कामाला लागले’ असा शेरा मारला. मला गुळाचा संशय होता. दोन बादल्यांत त्याच टाकीचे पाणी घेतले, एकीत नुसते गुळाचे पाणी घातले, दुसरीत गूळ आणि भिजवलेली पावडर दोन्ही. प्राणवायू उतरण्याचा वेग दोन्ही बादल्यांत जवळजवळ सारखा निघाला. गूळ हे आयते खाणे आहे. टाकीत जे काही थोडे जिवाणू वाचले होते, त्यांनी ते खाल्ले आणि श्वास घेतला. यात पावडरीचा वाटा किती, हे डीओच्या आकड्यावरून कळतच नाही, आणि विक्रीच्या वेळी नेमका हाच आकडा पुढे केला जातो. हा सगळ्या व्यवहारातला मला खटकलेला सर्वांत मोठा भाग.

त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एका जिवाणूचे ओले वजन ढोबळमानाने एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग असते. पिशवीवरचा दावा शब्दशः खरा धरला, तरी एक किलो पावडरीत एक लाख कोटी जिवाणू, म्हणजे सगळे मिळून एक ग्रॅम. बारा किलो पावडरीतून टाकीत गेले ते बारा ग्रॅम, तेही ओले, बाकी कोंडा. वसतिगृहाचा गाळ दाट, लिटरमागे आठ ग्रॅमचा होता, म्हणजे तीन हजार लिटरमध्ये चोवीस किलो कोरडा गाळ. त्यात मृत भाग आणि माती निम्मी धरली, तरी तुलना बारा ग्रॅम आणि बारा किलो यांची होते. पंचेचाळीस किलो गाळाची वस्ती उजाड झाली असताना बारा ग्रॅमने ती वसवायची म्हणजे कापसाच्या गाडीला एक बोंड लावण्यासारखे झाले. जिवाणू वाढतात हे खरे, पण वसतिगृहाच्या गाळातलेही वाढतातच, शिवाय रोजच्या सांडपाण्याबरोबरही नवे जिवाणू फुकट येत असतात.

दुसरी अडचण जातीची. कोरड्या पावडरीत वर्षभर टिकतील असे जिवाणू बहुधा बॅसिलस गटाचे असतात, कारण ते बीजाणू करून झोपी जाऊ शकतात. त्या बीजाणूंना जळगावच्या पत्र्याच्या गोदामातला मे महिन्याचा उकाडाही काही करू शकत नाही. पण अमोनिया खाणारे नायट्रोसोमोनास बीजाणू करत नाहीत, म्हणून ते अशा कोंड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतील अशी अपेक्षा धरता येत नाही. व्हॉर्टिसेला आणि रोटिफर तर पावडरीत नसतातच. म्हणजे ज्यांना सर्वांत मोठा फटका बसला होता, नेमके तेच या पिशवीत नव्हते.

निकाल तसाच लागला. गाळ आणलेल्या टाकीत चौथ्या दिवशी पोहणारे सिलिएट (केसांसारख्या तंतूंनी हलणारे एकपेशीय जीव) दिसले, आठव्या दिवशी देठावरच्या घंटा पुन्हा उमलल्या, आणि बाराव्या दिवशीच्या नमुन्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातला मळ खायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे २४ मिलिग्रॅम आला. (आपल्याकडे बीओडी २७ अंशांना तीन दिवस ठेवून मोजतात आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० आहे.) चौथ्या आठवड्यात त्या टाकीचा अमोनिया पूर्वीच्या पातळीवर आला. पावडरीच्या टाकीचा बीओडी ३० च्या खाली यायला तेवीस दिवस लागले, पाणी बराच काळ धुरकट राहिले, आणि अमोनिया दीड महिना हटला नाही. शेवटी मीच वैतागून दुसऱ्या टाकीतला पाचशे लिटर गाळ तिच्यात सोडला, तेव्हा तो उतरू लागला. पावडरीवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की काहीच न घातलेली तिसरी टाकी माझ्याकडे नव्हती, त्यामुळे तेवीस दिवसांपैकी किती श्रेय पावडरीचे आणि किती नुसत्या काळाचे, हे मला ठरवता येत नाही. खर्च मात्र ठरवता येतो. पावडरीचे दहा हजार आठशे आणि गूळ वेगळा. समोर अडीच हजार.

गाळ आणून टाकी उभी करण्यात नवे काही नाही. गाळ आणि हवा वापरून सांडपाणी शुद्ध करण्याची जी पद्धत १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी मांडली, तीच मुळी गाळ राखून ठेवण्यावर उभी आहे. सांडपाण्याला नुसती हवा देत बसले तेव्हा ते पूर्ण शुद्ध व्हायला त्यांना सुमारे पाच आठवडे लागले होते. प्रत्येक वेळी तळाचा गाळ फेकून न देता त्यावरच नवे पाणी घेत गेले, तसा तो काळ एका दिवसाच्या आत आला. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट माहितीपत्रकात का नसते, हे समजण्यासारखे आहे. गाळ आणताना एक काळजी मात्र घ्यावी. तो घरगुती सांडपाण्याचाच असावा, आणि ज्याच्याकडून आणणार त्याच्या टाकीतला एक थेंब आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. क्रोमियम किंवा निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचे पाणी घेणाऱ्या टाकीतून गाळ आणला, तर त्याबरोबर धातूही येतील.

प्रत्येक बिघाड विषाचा नसतो, हेही या निमित्ताने. दोंडाईचा-धुळ्याकडे मक्यापासून स्टार्च काढण्याचा उद्योग आहे. तशा पाण्यात पिष्ट भरपूर आणि त्या मानाने नत्र-स्फुरद कमी असले, की जिवाणू मरत नाहीत, उलट धाग्यासारखे जिवाणू माजतात आणि गाळ तळाला बसतच नाही. तिथे बीओडी, नत्र आणि स्फुरद यांचे १००:५:१ हे प्रमाण युरिया आणि डीएपी घालून सांभाळावे लागते. दूध-प्रक्रियेत कॉस्टिकने धुतलेल्या नळ्यांचे पाणी समतोल टाकीत (वेगवेगळे पाणी एकत्र मिसळून सारखे करणाऱ्या टाकीत) न मुरवता सोडले, तर पीएचचा धक्का बसतो. या दोन्ही ठिकाणी पावडर घालणे म्हणजे पोटदुखीवर कपाळाला बाम लावणे आहे.

पावडरीचा एक गुण मात्र मान्य करतो. आमच्या कँटीनमध्ये बुधवारी शेवभाजी असते आणि त्या दिवशीच्या तर्रीचे तेल ग्रीस ट्रॅपमध्ये दोन बोटे जाडीचा थर धरते. उरलेल्या पावडरीतली मूठभर रोज रात्री तिथे टाकू लागलो, तेव्हा तीन आठवड्यांत थर पातळ झाला, वास कमी झाला आणि ट्रॅप साफ करायची खेप आठवड्यावरून पंधरवड्यावर गेली. बॅसिलसमध्ये चरबी फोडणारी विकरे (एन्झाइम) तयार करणाऱ्या जाती असतात, आणि खाद्यतेल हे त्यांच्या आवाक्यातले खाणे आहे. पिशवीवर हा उपयोग अगदी शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात दिला आहे. या कामाला मी पाचापैकी साडेतीन गुण देईन. टाकी सावरण्याच्या कामाला दीड, तोही प्रतिनिधीच्या तत्परतेसाठी.

त्याच महिन्यात घेतलेली दुसरी वस्तू म्हणजे अंबाल्याच्या बनावटीचा, विद्यार्थी वापरतात तसला साधा सूक्ष्मदर्शक. आधी मी शेजारच्या कारखान्यातला उसना आणत असे. पावडरीपेक्षा कमी पैशांत आलेल्या या यंत्राखाली रोज सकाळी एक थेंब पाहायला दहा मिनिटे लागतात. पावसाळ्यात एकदा घंटा अर्ध्या मिटलेल्या दिसल्या, लगेच पाणी वळवले, आणि शोध घेतल्यावर स्वच्छतागृहात कोणीतरी फिनेलचा अख्खा कॅन रिकामा केल्याचे सापडले. डीओ मीटरने ते संध्याकाळपर्यंत सांगितले नसते.

कूलंटची व्यवस्थाही बदलली. ते आता आधी वेगळ्या टाकीत घेऊन आम्लाने पीएच २ ते ३ वर आणून फोडतो. तेल वर येते, ते काढून घेतो, खालचे पाणी उदासीन करून तपासतो, आणि त्याचा थोडा भाग टाकीच्या गाळाबरोबर बादलीत एक तास ठेवून प्राणवायूचा वेग पडत नाही ना हे पाहिल्यावरच थेंब-थेंब प्रकल्पात सोडतो. वर आलेले तेल २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यातच मोडते आणि नव्वद दिवसांच्या आत अधिकृत संस्थेकडे रवाना करावे लागते. ती जाळी सिमेंटने बुजवली आहे. ज्या पोराने ड्रम ओतला होता, त्याच्याचकडे आता कूलंटच्या शेडची किल्ली असते, आणि कोणत्या सम्पमध्ये जंतुनाशक कधी घातले याची तारीख तो ड्रमवर खडूने लिहितो.